भुताची गोष्ट आणि गोष्टीतली बाई

(मलकापूर परिसरातील बचत गटांच्या महिलांसाठी सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)



या कार्यक्रमात आपण नेहमी कर्ज, हप्ते, शेळीपालन, मसाल्याच्या गिरणीचा हिशोब अशा विषयांवर बोलतो. आज विषय वेगळा घेतला आहे. आज आपण भुताच्या गोष्टींबद्दल बोलणार आहोत. हसू नका. गटाची बैठक संपली, पासबुकं गोळा झाली, चहा आला आणि त्यात लाईट गेली, की दुसरा कुठला विषय निघतो ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही.

हा विषय घ्यायचं ठरलं तेव्हा आमच्यातच दोन बाजू पडल्या. शिकलेल्या मुली म्हणाल्या, "रेडिओवरून भुताबद्दल बोलायचं म्हणजे अंधश्रद्धा पसरवायची." म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, "गोष्ट सांगितल्यानं काय होतं माय? आम्ही तर गोष्टी ऐकतच लहानाच्या मोठ्या झालो." आम्हाला दोघींचंही पटतं, आणि दोघींचं एकाच वेळी पटू शकतं का, हेच आज पाहायचं आहे.

आधी शब्दच पाहू. भूत म्हणजे काय? भूतकाळ म्हणजे होऊन गेलेला काळ, तसं भूत म्हणजे होऊन गेलेलं. पण आपल्या भाषेत भूत म्हणजे जिवंत प्राणीही. ज्ञानेश्वर माउलींच्या पसायदानात 'भूत' हा शब्द येतो तो पिशाच्चासाठी नाही, तो सगळ्या जीवमात्रांसाठी आहे. एकनाथ महाराजांनी तर भुतावर भारूड लिहिलं. त्यातल्या बाईला भूत लागतं, अंगारे-धुपारे सगळं करून होतं, पण ते काही उतरत नाही, कारण ते भूत देवाचंच असतं. चारशे वर्षांपूर्वी भुताच्या नावानं लोकांना हसवावं आणि हसता हसता देवाकडं न्यावं, हे नाथांना सुचलं. म्हणजे भुताची गोष्ट ही फक्त घाबरवायची गोष्ट आपल्याकडं कधीच नव्हती.

आता एक प्रश्न विचारते. आपल्या गोष्टींमध्ये भूत कोण होतं?

हडळ आठवा. बाळंतपणात गेलेली, नाहीतर सासरी छळ होऊन गेलेली बाई. अळवंतीण म्हणजे पोटुशी असताना किंवा ओल्या बाळंतपणात गेलेली. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण लग्नाआधीच गेलेला पोरगा. तो पिंपळावर बसतो. समंध म्हणजे ज्याचा जीव पुरून ठेवलेल्या धनात अडकला, ज्याला पुढं वारस नाही असा माणूस. गिऱ्हा म्हणजे पाण्यात बुडून मेलेला. आणि हडळीचं घर कुठं? विहीर, चिंच, पडका वाडा. आपल्या भागात ज्या जुन्या विहिरीजवळून संध्याकाळी जाऊ नको म्हणतात, तिच्याबद्दल जरा खोदून विचारलं की बहुतेक वेळा एक सून निघते. ती विहिरीत 'पडलेली' असते. कशी पडली, ते मात्र कुणी सांगत नाही.

उलट बाजूनं पाहा. म्हातारी झालेली, नातवंडं मांडीवर खेळवलेली, चार लेकरांनी खांदा दिलेली बाई हडळ झाल्याची गोष्ट तुम्ही ऐकली आहे का? आम्ही नाही ऐकली. भूत होतं ते ज्याचं काहीतरी राहून गेलं त्याचं, किंवा ज्याच्यावर अन्याय झाला आणि ज्याची दाद कुठंच लागली नाही त्याचं. पूर्वी पाटलाकडं सुनेची तक्रार कोण नेणार? माहेर लांब, लिहिता येत नाही, पोलीस नाहीत. मग ती मेल्यावर गावानं तिची गोष्ट केली. जिवंतपणी तिचं कुणी ऐकलं नाही, पण मेल्यावर तिच्या नावानं सासऱ्याला रात्री विहिरीवर जायची भीती वाटायला लागली. एवढाच न्याय तिच्या वाट्याला आला.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. दूर जपानमध्येही तेच. जपानमध्ये भुताच्या गोष्टींना फार मान आहे. त्यांच्याकडंही बाळंतपणात गेलेल्या बाईचं भूत आहे. ते लेकरू कडेवर घेऊन वाटेत उभं राहतं. त्याला उबुमे म्हणतात. त्यांचं एक फार गाजलेलं नाटक आहे, १८२५ मध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आलेलं. त्यात ओइवा नावाची बाई आहे. तिच्या नवऱ्याला दुसरं श्रीमंत घरचं लग्न करायचं असतं. ओल्या बाळंतिणीला औषध म्हणून विष दिलं जातं, तिचं तोंड विद्रूप होतं, ती मरते आणि मग नवऱ्याचा पिच्छा सोडत नाही. दोनशे वर्षं झाली, ते नाटक अजून होतं, त्याचे सिनेमे निघाले. हुंड्यासाठी सून जाळल्याच्या बातम्या ऐकलेल्या आपल्याला ती गोष्ट परकी वाटत नाही. फरक म्हणाल तर आपल्या भुताचे पाय उलटे असतात आणि त्यांच्या भुताला चित्रात बहुतेक वेळा पायच नसतात!

जपानमधली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती एका बाईची आहे. लाफ्कादिओ हर्न नावाचा लेखक १८९० मध्ये जपानला गेला. आई ग्रीक, वडील आयरिश. तिथं त्यानं सेत्सु नावाच्या बाईशी लग्न केलं. घराणं सामुराईंचं, म्हणजे लढवय्यांचं, पण गरिबी आलेली. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्याला जपानी धड येत नव्हतं. दोघं आपल्याच एका मोडक्यातोडक्या भाषेत बोलायचे. रात्री ती त्याला भुताच्या गोष्टी सांगायची. ती पुस्तक उघडायला लागली की तो म्हणायचा, पुस्तक नको, तुझ्या शब्दांत सांग. त्या गोष्टींतून त्याचं 'क्वाइदान' हे पुस्तक १९०४ मध्ये निघालं आणि जगभर गेलं. पुस्तकावर नाव नवऱ्याचं आहे. पण गोष्टी सांगणारी होती ती घरातली बाई.

आपल्याकडं काय झालं? मराठीत छापील पुस्तकं यायला लागली तेव्हा अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत वेताळ होता. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० मध्ये 'वेताळपंचविशी' मराठीत आणली. राजा विक्रम खांद्यावर प्रेत घेऊन जातो, प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. आपल्या वेताळाची ही खोड आम्हाला फार आवडते. तो घाबरवून सोडून देत नाही, विचार करायला लावतो.

मग पंचवीस वर्षांनी, १८५५ मध्ये, महात्मा जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. त्यात एक गरोदर कुणबी बाई आहे. जोशी तिच्या दारात येतो आणि पोटातल्या लेकराला ग्रहांची पीडा आहे असं सांगून तिला घाबरवतो. शांती करायची म्हणून त्या गरीब घराला खर्चात घालतो. शेवटी ती नवरा-बायको रात्रीच्या शाळेत जाऊन शिकायचं ठरवतात. त्यात भूत नाही, पण भीती तीच आहे. पोटुशी बाईला घाबरवणं सगळ्यात सोपं असतं, हे फुल्यांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

म्हणजे एका हाताला गोष्ट आणि दुसऱ्या हाताला भीतीचा धंदा. या दोन वाटा आपल्याकडं तेव्हापासून सोबत चालल्या आहेत.

गोष्टीची वाट पुढं कुठं गेली? दुर्गाबाई भागवत, सरोजिनीबाई बाबर यांच्यासारख्या विदुषींनी लोकसाहित्य गोळा केलं, त्यावर लिहिलं. गावोगावच्या बायांच्या ओव्या, गाणी, कहाण्या कागदावर आल्या. नारायण धारप यांनी मराठीत भयकथा घरोघरी नेल्या. त्यांचा जन्म १९२५ चा. त्यांची पुस्तकं शंभरावर आहेत, आणि वाचनालयात ती कधी जागेवर नसत असं जुनी माणसं सांगतात. २०१८ मध्ये आलेला 'तुंबाड' हा सिनेमा पाहिला असेल. त्याच्या दिग्दर्शकाला मूळ कल्पना धारपांच्याच एका कथेवरून सुचली. ती कथा त्यानं मित्राच्या तोंडून ऐकली होती, आणि ती कुठं, तर आपल्या विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात. त्या सिनेमात भुतापेक्षा भयंकर काय आहे? माणसाचा लोभ. सोन्याचं एक नाणं मिळालं की दुसरं हवं, आणि शेवटी बाप पोरालाही त्याच खड्ड्यात उतरवतो. बचत गटात बसणाऱ्या बाईला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

रत्नाकर मतकरींच्या गूढकथांचंही तसंच. 'गहिरे पाणी' टीव्हीवर पाहिलेल्या बाया आपल्यात आहेत. मतकरींच्या गोष्टीत भीती बाहेरून येते तशी माणसाच्या आतूनही येते, त्याच्या मनातल्या पापातून, हव्यासातून, एकटेपणातून. त्यांच्याच 'अलबत्या गलबत्या' नाटकातल्या चेटकिणीला पाहून लहान पोरं ओरडतात आणि लगेच हसतात. गोष्टीतली चेटकीण असावी ती अशी.

आता दुसरी वाट पाहू, भीतीच्या धंद्याची. आणि ती रोखणाऱ्यांचीही.

आपल्या विदर्भाला गाडगेबाबा लाभले. हातात खराटा, डोक्यावर गाडगं, आणि दिवसा गाव झाडून रात्री कीर्तनातून माणसांची डोकी झाडायचे. नवसाला बकरं कापू नका, देवरुषाच्या नादी लागू नका, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, हे त्यांनी आपल्याच बोलीत लोकांना हसवत सांगितलं. पुढं १९८२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू झाली, ती श्याम मानव यांनी वाढवली. १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. जादूटोण्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून ते कित्येक वर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच सरकारनं वटहुकूम काढला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला.

या कायद्याबद्दल आपल्या गावांत बराच गैरसमज आहे. कुणी म्हणतं, आता भुताची गोष्ट सांगितली तरी पोलीस धरतात. तसं काही नाही. कीर्तन, भजन, वारी, यात्रा, घरातली पूजा, देवदर्शन, संतांच्या चमत्कारांच्या कथा, यातल्या कशालाही कायदा हात लावत नाही. गोष्ट सांगणं हा गुन्हा नाही. गुन्हा काय आहे ते नीट ऐका. भूत उतरवायचं म्हणून माणसाला दोरीनं किंवा साखळीनं बांधणं, काठीनं, चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं, केस उपटणं, चटके देणं, हा गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. अमुक बाई करणी करते, तिच्यामुळं गायीचं दूध आटलं, असं म्हणून एखादीच्या मागं लागणं हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे. म्हणजे पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार देता येते आणि ती पोलिसांना घ्यावी लागते.

त्या यादीकडं पुन्हा पाहा. ज्याला बांधलं, मारलं, धुरी दिली असं माणूस बहुतेक वेळा कोण असतं? घरातली सून, विधवा, मूल न झालेली, नाहीतर जास्त बोलणारी बाई. गोष्टीत बाई मेल्यावर भूत होते. इथं तिला जिवंतपणीच भूत करतात.

म्हणून आता थोडं उघड बोलू. 'बाहेरचं झालं' असं ज्याला आपण म्हणतो, त्यामागं पुष्कळदा काय असतं?

पहिलं, गरोदरपणातले झटके. पाचव्या महिन्यानंतर कधीही, आणि बाळंतपणानंतरही काही दिवस, बाईचा रक्तदाब एकदम वाढू शकतो. आधी डोकं खूप दुखतं, डोळ्यांपुढं अंधारी येते, तोंडावर आणि हातांवर सूज येते. मग दात आवळतात, डोळे फिरतात, अंग ताठ होऊन झटके येतात. पाहणारा घाबरतो आणि म्हणतो, अंगात आलं. हे अंगात येणं नाही. यात आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात, आणि वेळेवर इंजेक्शन मिळालं तर दोघंही वाचू शकतात. भगताकडं घालवलेला एक तासही फार असतो.

दुसरं, बाळंतपणानंतरचा मनाचा आजार. हजारात एक-दोन बायांना बाळंतपणानंतर, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत, झोप लागेनाशी होते, भास होतात, कुणीतरी बोलतंय असं वाटतं, बाळ माझं नाहीच असंही ती म्हणते. जुन्या गोष्टीतली अळवंतीण आणि ही बाई, दोघींचं वर्णन किती सारखं आहे पाहा. ही बाई औषधानं बरी होते. तोवर तिला आणि बाळाला एकटं ठेवायचं नाही आणि तिला मारायचं तर मुळीच नाही.

तिसरं, रात्री छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं, जाग आलेली असते पण हातपाय हलत नाहीत, ओरडता येत नाही. हे आपल्यातल्या पुष्कळ जणींना झालेलं आहे. झोपेत शरीर सैल पडलेलं असतं आणि मेंदू आधी जागा होतो, त्या मधल्या वेळातला हा प्रकार आहे. थोड्या वेळात आपोआप जातो. जपानी लोकांकडं यालाही वेगळा शब्द आहे, कारण छातीवरचं भूत त्यांच्याकडंही बसतं.

चौथं, चकवा. रात्री वावरातून निघालं आणि फिरून फिरून त्याच बांधावर आलं. अंधारात, धुक्यात, जिथं खुणेला काही दिसत नाही तिथं माणूस सरळ चालतो असं त्याला वाटतं, पण खरं तर गोल फिरतो. हे प्रयोग करून पाहिलेलं आहे. आपल्याकडं शेतातल्या पंपाला लाईट रात्रीची येते, म्हणून बायाही रात्री पाणी द्यायला जातात. तेव्हा चकव्यापेक्षा पायाखालचा साप आणि उघडी वायर यांची भीती धरा. पायात बूट आणि हातात बॅटरी असल्याशिवाय जाऊ नका.

आणि पाचवं, बंद विहीर. बरीच वर्षं वापरात नसलेल्या विहिरीत गाळ काढायला एक जण उतरतो, तो वर येत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही नाही. लोक म्हणतात गिऱ्हानं ओढलं, आसरा कोपल्या. खोल बंद विहिरीत प्राणवायू कमी असतो, विषारी वायू साठलेला असतो, म्हणून माणूस बेशुद्ध पडतो. कंदील खाली सोडल्यावर विझला तर कुणीही उतरायचं नाही. आणि नाही विझला तरी धोका टळला असं नाही. एकामागून एक उतरू नका, अग्निशमन दलाला बोलवा. 'त्या विहिरीत जाऊ नका' हे सांगणारी आजीची गोष्ट खरी होती. कारण मात्र दुसरं होतं.

आपल्याच जिल्ह्यात सैलानी बाबांच्या दर्ग्यावर सगळ्या जातीधर्मांची माणसं श्रद्धेनं जातात, आणि मनाचा आजार असलेल्या कितीतरी जणांना 'बाहेरचं आहे' म्हणून तिथं आणलं जातं. श्रद्धेनं जाणाऱ्या कुणालाही आम्ही अडवत नाही. गुजरातमध्ये मीरा दातार दर्ग्यावर एक चांगली वाट काढली आहे. तिथं दुवा आणि दवा दोन्ही चालतात. दर्ग्याचे मुजावरच रुग्णाला आवारात बसलेल्या डॉक्टरांकडं पाठवतात. नारळ फोडा, धागा बांधा, पण गोळी बंद करू नका. एवढं जरी घरोघरी पटलं तरी कितीतरी बाया साखळीतून सुटतील.

भुताच्या गोष्टीत पैसाही असतो, तेही सांगायला हवं. आमच्या भागातल्या एका गावात, गावाचं नाव सांगत नाही, कर्जापायी एका शेतकऱ्यानं आपल्याच वावरातल्या झाडाला गळफास घेतला. मागं बायको आणि दोन लेकरं. वर्षभरात त्या वावराचं नाव 'लागीर वावर' पडलं. कुणी म्हणे रात्री तिथं खोकल्याचा आवाज येतो, कुणी म्हणे बैल त्या बांधावर पाय टाकत नाही. मजुरीला कुणी येईना, वाट्यानं कुणी करीना. मग एक गिऱ्हाईक आलं आणि निम्म्या भावात वावर मागायला लागलं. उपकार करतोय असा त्याचा सूर. त्या बाईच्या गटातल्या अकरा जणींनी ठरवलं, आणि कापूस वेचायला सगळ्या मिळून त्या वावरात गेल्या. डबे त्याच झाडाखाली सोडले. त्यातल्या दोघी-तिघी घाबरल्या होत्या, तरी आल्या. दिवस मावळेपर्यंत वेचणी केली. चार दिवसांत खोकल्याच्या आवाजाची गोष्ट गावात कुणी सांगेनासं झालं. सातबाऱ्यावर आज त्या बाईचं नाव आहे. म्हणून एखाद्या जमिनीची, घराची भुताची गोष्ट अचानक पसरायला लागली की एक प्रश्न जरूर विचारा, ही गोष्ट पसरल्यानं फायदा कुणाचा?

मग गोष्टी बंदच कराव्यात का? जपानमध्येही हा वाद झाला. साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी इनोउए एन्र्यो नावाचे एक विद्वान गावोगाव हिंडून भाषणं द्यायचे. भुताच्या हजारो हकिकती गोळा करून त्यांतली फसवणूक कुठली, भास कुठला, निसर्गाची करणी कुठली, हे ते उलगडून सांगायचे. लोक त्यांना भुतांचे डॉक्टर म्हणायचे. दुसरे यानागिता कुनिओ. त्यांनी तोनो नावाच्या डोंगराळ भागातल्या गोष्टी तिथल्याच एका तरुणाकडून ऐकून १९१० मध्ये छापल्या. भूत आहे की नाही, यापेक्षा माणसं ही गोष्ट का सांगतात, हा त्यांचा प्रश्न. आम्हाला वाटतं, दोघंही हवेत. झटके आलेल्या बाईजवळ पहिला हवा, आणि आजीजवळ बसताना दुसरा.

आपल्या लोणारचंच पाहा. लवणासुराला विष्णूनं मारलं, ही गोष्ट लोणारला पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, तिथं दैत्यसुदनाचं देखणं मंदिर आहे. आणि ते सरोवर आकाशातून अशनी आदळून झालं, हेही आपली पोरं शाळेत शिकतात. दोन्ही सांगितल्यानं कुणाचं काही बिघडलं नाही.

११ मार्च २०११ ला जपानच्या उत्तर भागात समुद्र गावांत घुसला. हजारो माणसं गेली, कितीतरी जणांची प्रेतंही सापडली नाहीत. त्यानंतर तिथं भुतं दिसायला लागली. टॅक्सीवाले सांगायचे, एक प्रवासी बसला, उद्ध्वस्त झालेल्या वस्तीचा पत्ता सांगितला आणि मागं वळून पाहिलं तर जागा रिकामी. एका कॉलेजच्या मुलीनं अशा टॅक्सीवाल्यांशी बोलून त्यांचे अनुभव लिहून ठेवले. बरेच जण सांगताना घाबरलेले नव्हते, तो प्रवासी पुन्हा आला तर पुन्हा बसवू म्हणत होते. तिथं एका बौद्ध भिक्षूनं फिरतं चहाचं दुकान काढलं. माणसं यायची, चहा घ्यायची आणि मनात साठलेलं बोलायची. त्यानं कुणाला वेडं म्हटलं नाही, कुणाकडून भूत उतरवायचे पैसे घेतले नाहीत. बोलून झालं की माणूस रडायचा आणि हलका होऊन जायचा.

आपल्या विदर्भात शेतकऱ्यांच्या घरी किती बाया एकट्या राहिल्या आहेत, ते आम्ही तुम्हाला काय सांगावं. त्यातली एखादी म्हणाली, "रात्री ते दारात उभे दिसतात," तर तिला मांत्रिकाकडंही नेऊ नका आणि 'काहीतरीच काय' म्हणून गप्पही करू नका. तिच्याजवळ बसा, तिला बोलू द्या. तिची झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, जिवाचं बरंवाईट करायचं बोलत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या. टेली-मानस म्हणून सरकारी फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. फुकट आहे, रात्रंदिवस चालू असते आणि मराठीतून बोलता येतं. बाईला झटके आले, साप चावला तर १०८ ला फोन. हे दोन नंबर गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा.

शेवटी गटांसाठी एक काम. पुढच्या बैठकीत आपल्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला बोलवा आणि तिच्याकडून गावची भुताची गोष्ट ऐका, तिच्या शब्दांत. एखादीनं ती वहीत उतरवून घ्या, नाहीतर मोबाइलवर भरून घ्या. त्या गोष्टी दहा-पंधरा वर्षांत सांगणारं कुणी राहणार नाही. पण जिवंत माणसांची नावं गोष्टीत येऊ देऊ नका, आणि अमुक घरची बाई तसली आहे असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबवा. गोष्ट संपली की वेताळासारखे तीन प्रश्न विचारा. ती बाई कोण होती? ती कशानं गेली? आणि आज ती आपल्या गावात असती, तर आपण तिला वाचवलं असतं का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहा आणि आम्हाला कळवा. आलेल्या गोष्टींतल्या निवडक गोष्टी आपण याच कार्यक्रमात, सांगणारीच्या नावासकट ऐकवू.